पडद्यावरचे बुतो: कसे पाहावे आणि नागपुरात चार जणांना कसे दाखवावे

बुतो या जपानी नृत्यप्रकाराची ओळख आपल्याकडे बहुतेकांना एखाद्या छायाचित्रातून किंवा मोबाइलवर पाहिलेल्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यातून होते: अंगभर पांढरा रंग फासलेला, डोक्याचा गुळगुळीत गोटा केलेला, वाकड्या पायांनी अगदी संथ सरकणारा एक देह. तेवढ्यावरून बनलेले मत सहसा फसवे असते, कारण या नृत्याचा सगळा व्यवहार वेळेशी आहे आणि तुकड्यात नेमका वेळच कापला जातो. पूर्ण प्रयोगाची फीत नीट पाहायची असेल, आणि आपल्याबरोबर दहा-वीस जणांनाही दाखवायची असेल, तर थोडी तयारी लागते. ती कशी करावी, याविषयी हे टिपण आहे.

आधी एक शंका दूर केलेली बरी. नृत्य प्रत्यक्षच पाहावे, फीत ही नाइलाजाची गोष्ट, असे आपल्याकडे मानले जाते आणि कथ्थक किंवा भरतनाट्यमच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण बुतोची गोष्ट वेगळी आहे. त्याचे प्रवर्तक तात्सुमी हिजिकाता १९८६ मध्ये निवर्तले. त्यांनी जपानबाहेर कधी प्रयोग केला नाही आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते स्वतः रंगमंचावर नाचतही नव्हते. त्यामुळे आज त्यांचे नृत्य पाहू इच्छिणारा तोक्योचा विद्यार्थी आणि धरमपेठेतला आपला रसिक या दोघांच्या हाती सारखेच साधन आहे: काही चित्रपट, काही छायाचित्रे आणि काही कागद. फरक पडतो तो ते साधन आपण कसे वापरतो यानेच.

पार्श्वभूमी थोडक्यात पुरे. मे १९५९ मध्ये हिजिकाता यांनी तरुण योशितो ओनो यांना बरोबर घेऊन तोक्योत ‘किनजिकी’ हा छोटा प्रयोग केला. शीर्षक युकिओ मिशिमा यांच्या कादंबरीवरून घेतले होते, रंगमंच बराच वेळ अंधारात होता, एका जिवंत कोंबडीचा वापर केला होता आणि विषय समलिंगी आकर्षणाचा होता. नृत्यक्षेत्रात त्यावरून मोठी खळबळ उडाली. योशितो यांचे वडील काझुओ ओनो हे या परंपरेतले दुसरे मोठे नाव. १९०६ मध्ये होक्काइदो बेटावरील हाकोदाते येथे जन्मलेले ओनो योकोहामातील मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत असत. दुसऱ्या महायुद्धात ते सैनिक म्हणून चीन आणि न्यू गिनीत होते, आणि सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी जगभर कीर्ती मिळवली. पुढच्या पिढीत १९७२ साली आकाजी मारो यांनी ‘दाइराकुदाकान’ ही आणि १९७५ साली उशिओ अमागात्सु यांनी ‘सांकाई जुकू’ ही मंडळी उभी केली. इतके ठाऊक असले की पहिल्या बैठकीपुरते भागते.

कोणती फीत निवडावी

माझ्या मते बुतोच्या फितीपुढे बसताना पहिला प्रश्न नृत्याचा अर्थ काय हा नसून कॅमेरा कुठे आहे हा असावा. फीत ही एका माणसाची कृती नसते. नाचणाऱ्याच्या देहाबरोबर चित्रण करणाऱ्याचाही देह तिथे वावरत असतो, आणि दुसऱ्याने काय केले हे न ओळखता पहिल्याविषयी बोलू लागलो की घोटाळा होतो.

काही फिती म्हणजे सरळ नोंद असते. प्रेक्षागृहात मागे किंवा मध्यभागी ठेवलेला कॅमेरा पूर्ण रंगमंच टिपतो आणि फारसा हलत नाही. सांकाई जुकूच्या प्रयोगांना ही पद्धत मानवते, कारण अमागात्सु यांची रचना समोरून पाहण्यासाठीच बांधलेली असते आणि नर्तकांमधले अंतर हा तिचा महत्त्वाचा भाग असतो. तिथे चेहऱ्याच्या जवळ गेलेला कॅमेरा रचनाच मोडतो. याउलट ताकाहिको इइमुरा यांनी १९६३ मध्ये ‘आन्मा’ आणि १९६५ मध्ये ‘रोझ कलर डान्स’ हे हिजिकाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रयोग चित्रित केले, तेव्हा ते हातातला कॅमेरा घेऊन नर्तकांमध्ये फिरले. त्या लघुपटांत चौकट थरथरते, देह अर्धेच दिसतात, कधी नुसती पाठ दिसते. प्रयोग कसा होता हे त्यांवरून पुरते कळत नाही, आणि ती अपेक्षाही ठेवू नये. नाचणाऱ्यांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या एका माणसाला काय दिसले, ते मात्र कळते.

तिसरी तऱ्हा म्हणजे रंगमंच सोडून केवळ कॅमेऱ्यासाठी केलेले काम. छायाचित्रकार एइको होसोए यांचा १९६० सालचा ‘हेसो तो गेनबाकू’ हा कृष्णधवल लघुपट समुद्रकिनाऱ्यावर घडतो. त्यात हिजिकाता आहेत, लहान मुले आहेत, आणि शीर्षकातच अणुबॉम्ब आहे. चियाकी नागानो यांनी १९६९ ते १९७३ या काळात काझुओ ओनो यांच्यावर केलेले तीन चित्रपटही याच जातीचे. हे चित्रपट पाहून कोणी बुतोविषयी एकदम ठाम विधाने करू लागला, तर त्यातले संकलकाचे किती आणि नर्तकाचे किती हे त्याला विचारावे.

नव्या प्रेक्षकांसाठी मी सुरुवात सरळ नोंदीने करीन आणि त्यातही ओनो यांच्या ‘ला अर्जेंतिना शो’ या प्रयोगाने. १९२९ साली तोक्योच्या इंपीरियल थिएटरमध्ये अँतोनिया मेर्से ऊर्फ ला अर्जेंतिना या स्पॅनिश नर्तिकेचा कार्यक्रम ओनो यांनी पाहिला होता. जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९७७ मध्ये, तिच्या आठवणीतून त्यांनी हा एकपात्री प्रयोग उभा केला आणि त्याचे दिग्दर्शन हिजिकाता यांनी केले. सुरुवातीस ओनो प्रेक्षकांतच बसलेले असतात आणि तिथूनच उठून रंगमंचाकडे निघतात. झालरीची टोपी आणि स्त्रीवेष घातलेला वृद्ध पुरुष असा पहिला धक्का असला, तरी पुढे हातांची बोटे इतके काही करतात की नवखा प्रेक्षकही गुंततो. हिजिकाता यांच्या १९७२ सालच्या ‘होसोतान’ (देवीच्या रोगाची कहाणी) या प्रयोगाचा केइया ओउचिदा यांनी केलेला चित्रपट अधिक थोर आहे असे मला वाटते, पण तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या बैठकीसाठी ठेवावा. त्यातला जमिनीवर पडून राहिलेला, उठू पाहणारा आणि न उठू शकणारा देह पहिल्याच दिवशी दाखवला तर अर्धे लोक दयेने आणि उरलेले संकोचाने पाहतात.

परवानगीचे काम आधी उरकावे. घरी दोन-चार मित्रांसह अधिकृत प्रत पाहणे वेगळे आणि सभागृहात बोलावणे करून दाखवणे वेगळे. तिकीट नसले म्हणजे परवानगी लागत नाही हा गैरसमज आहे. सार्वजनिक कार्यक्रम असल्यास हक्कधारकांना पत्र लिहून लेखी संमती मागावी आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची आवश्यकताही तपासावी. महाविद्यालयाने केवळ आपले विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी यांच्यापुरता खेळ मर्यादित ठेवला, तर १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात त्यासाठी सवलत आहे. हिजिकाता यांचा संग्रह तोक्योच्या केइओ विद्यापीठाच्या कला केंद्रात १९९८ पासून जतन केला आहे. अभ्यासासाठी चौकशी करायची तर ते योग्य ठिकाण आहे. अनेक प्रयोगांत नग्नता असते, म्हणून फीत स्वतः पूर्ण पाहिल्याखेरीज निमंत्रण धाडू नये आणि निमंत्रणात वयाची अट स्पष्ट लिहावी.

खोली, अंधार आणि कूलर

सिव्हिल लाइन्समधील वसंतराव देशपांडे सभागृह किंवा रेशीमबागेतील सुरेश भट सभागृह यांचा मोह टाळावा. पंचवीस माणसे एवढ्या मोठ्या जागेत विखुरली की प्रत्येकाला आपण चुकीच्या कार्यक्रमाला आलो आहोत असे वाटू लागते. एखाद्या संस्थेची बैठकीची खोली, महाविद्यालयाचा वर्ग किंवा मोठ्या घराचा दिवाणखाना पुरेसा होतो.

नागपुरात ऋतूचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना खोलीत डेझर्ट कूलर लावण्याला पर्याय नसतो, आणि कूलरच्या घरघरीत बुतोची शांतता पार बुडते. हे काही किरकोळ नुकसान नाही, कारण अनेक प्रयोगांत दीर्घकाळ संगीत नसते आणि पावलांचा, कापडाचा, श्वासाचा आवाज हेच संगीत असते. ‘होसोतान’मध्ये कांतलूब यांनी बांधलेले ओव्हेर्न्य प्रांतातले ‘बाइलेरो’ हे फ्रेंच लोकगीत येते, ते आधीच्या शांततेशिवाय नुसते गोड वाटते. वातानुकूलित खोली मिळत नसेल तर सरळ डिसेंबर किंवा जानेवारी निवडावा. त्या दिवसांत सूर्यास्त साडेपाच ते सहाच्या सुमारास होतो, म्हणजे साडेसहाला खेळ लावला तरी खिडक्यांतून उजेड येत नाही. मे महिन्यात त्यासाठी साडेसात वाजेपर्यंत थांबावे लागते. लग्नसराईच्या तिथी मात्र पाहून घ्याव्यात. शेजारच्या लॉनमध्ये डीजे लागला असता हिजिकाता दाखवणे व्यर्थ आहे.

अंधार पुरा हवा. पडद्यामागच्या फटी, दाराखालचा उजेड, इन्व्हर्टरचा लुकलुकणारा दिवा, प्रोजेक्टरच्या मागे उघडा ठेवलेला लॅपटॉप या सगळ्यांचा बंदोबस्त करावा. साठ-सत्तरच्या दशकांतील फिती मुळातच काळोख्या आहेत आणि त्यात करड्या रंगाच्या ज्या दोन-तीन छटा देह आणि पार्श्वभूमी वेगळी करतात, त्या खोलीत थोडा उजेड आला तरी नाहीशा होतात. प्रोजेक्टर किंवा दूरदर्शन संच लावल्यावर पांढऱ्या रंगलेपाचा एखादा चेहरा पडद्यावर थांबवून कॉन्ट्रास्ट हळूहळू कमी करीत जावे. पापण्या, नाकाचा उंचवटा आणि लेपाला गेलेले तडे दिसू लागले की तिथे थांबावे. त्यानंतर एखादा अंधारा प्रसंग लावून काळ्या कपड्याची कड भिंतीपासून वेगळी दिसते का, हे पाहून ब्राइटनेस ठरवावा. नव्या टीव्हीत ‘डायनॅमिक’ प्रकार बंद करून ‘सिनेमा’ प्रकार निवडावा, आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय असेल तर ती आठवणीने बंद करावी. ती सोय संथ देहाला तेल लावल्यासारखे निसरडे करते.

चौकटीचे प्रमाण हा दुर्लक्षित पण गंभीर मुद्दा आहे. आठ आणि सोळा मिलिमीटरचे चित्रपट तसेच जुनी व्हिडिओ चित्रणे ४:३ या प्रमाणात असतात. ती रुंद पडद्यावर ताणून बसवली की प्रत्येक देह एक-तृतीयांशाने जाड होतो. हिजिकाता यांनी उपास करून शरीर हाडांपर्यंत आणले आणि आपण त्यांना खातेपिते करून दाखवले, असा प्रकार मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात.

गतीकडेही लक्ष हवे. मूक आठ मिलिमीटरचे चित्रण बहुधा सेकंदाला १६ किंवा १८ चौकटी या वेगाने होत असे. अशी रीळ पुढे कोणी २४ चौकटींच्या वेगाने उतरवली असेल, तर हालचाल दीडपट किंवा सव्वापटीहून थोडी अधिक जलद दिसते. संशय आला तर कापड किंवा केस खाली पडताना पाहावेत. पडण्याची गती नर्तकाच्या इच्छेवर नसते, त्यामुळे ती अस्वाभाविक दिसली तर दोष फितीचा आहे असे समजावे. व्हीएलसीसारख्या व्हिडिओ दाखवणाऱ्या संगणकप्रणालीत वेग ०.६७ किंवा ०.७५ वर आणून मूक फीत दाखवता येते. ध्वनी असलेल्या फितीवर मात्र हा प्रयोग करू नये.

आसनव्यवस्थेचा प्रश्न बुतोच्या बाबतीत विशेष आहे, कारण हे नृत्य वारंवार जमिनीवर उतरते. सपाट खोलीत पुढच्या रांगेतील डोकी पडद्याचा खालचा भाग झाकतात, आणि ‘होसोतान’मध्ये तर जे पाहायचे ते नेमके तिथेच असते. पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान चार फूट वर असावी. ते शक्य नसेल तर पुढच्या दोन रांगा सतरंजीवर बसवून मागे खुर्च्या मांडाव्यात. वीज गेल्यास इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात प्रोजेक्टर बंद पडतो आणि पुन्हा उजळायला वेळ घेतो, म्हणून प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यूपीएसवर असावेत. मध्यंतर ठेवू नये. चहा आधी द्यावा.

पाहताना

पहिल्यांदा फीत सलग, न थांबवता, न बोलता पाहावी. सुरुवातीची दहा-बारा मिनिटे कंटाळा येतो आणि तो येऊ द्यावा. त्याच्याशी भांडत बसलेला प्रेक्षक मनात गोष्ट रचू लागतो आणि पुढचे सगळे त्या गोष्टीत कोंबतो. कंटाळ्याच्या पलीकडे गेल्यावर नजर आपोआप बारीक होते, आणि मग खांद्याच्या हाडाचे सरकणे हीसुद्धा घटना वाटू लागते.

राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांवर वाढलेला आपला प्रेक्षक पात्र आणि संघर्ष शोधतो, तर शास्त्रीय नृत्याचा जाणकार हस्तमुद्रा वाचू पाहतो. दोघांनाही इथे हाताला काही लागत नाही. त्याऐवजी वजन कुठे आहे ते पाहायला सांगावे. बुतोचा नर्तक पुष्कळदा गुडघे वाकवून, पावले बाहेर वळवून, भार खाली सोडून चालतो. हिजिकाता हे ईशान्य जपानमधील आकिता या कडाक्याच्या थंडीच्या शेतीप्रधान भागातले होते आणि त्या मुलुखातील कष्टकऱ्यांच्या वाकलेल्या देहांकडे ते नृत्याचा ठेवा म्हणून पाहत. बॅलेत देह जमिनीपासून सुटू पाहतो, इथे तो जमिनीला चिकटतो. एवढे एक सूत्र धरले तरी तासभर पाहण्यासारखे बरेच मिळते.

दुसऱ्यांदा पाहताना कॅमेऱ्याकडे लक्ष द्यावे. कुठे कापले आहे, कापताना नर्तकाची हालचाल पूर्ण झाली होती का, चेहरा जवळून दाखवला त्या वेळी पाय काय करीत असतील, असे प्रश्न कागदावर टिपावेत. जवळचे दृश्य नेहमीच वाईट असते असे नाही. ओनो यांचे पाय थकल्यावरही ते खुर्चीत बसून हातांनी नाचत राहिले, आणि १०३ व्या वर्षी, २०१० मध्ये, ते गेले. त्या अखेरच्या काळातील फितींत कॅमेरा हाताजवळ जातो, कारण नृत्यच हातात येऊन राहिले होते.

तिसऱ्यांदा, आणि हे ज्यांना मनापासून आवडले त्यांच्यासाठीच, हालचालीमागची प्रतिमा ओळखण्याचा प्रयत्न करावा. हिजिकाता आपल्या नर्तकांना मोजलेली पावले देत नसत. ते शब्दांतून प्रतिमा देत आणि वहीत चित्रांची कात्रणे चिकटवून त्यांभोवती नोंदी लिहीत. त्यांचे शिष्य युकिओ वागुरी यांनी अशा नोंदींवर आधारलेली सीडी-रॉम १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. प्रसिद्ध सराव किड्यांचा आहे: एक किडा हातावर चढतो, दुसरा मानेवरून पाठीकडे उतरतो, तिसरा मांडीवर, असे करीत अखेरीस ते सगळ्या अंगाच्या रंध्रांत शिरतात आणि देह स्वतःहून हलण्याऐवजी हलवला जातो. बैठकीत दोन मिनिटे सर्वांना उभे करून हा सराव करवून घ्यावा. लोक लाजतात, हसतात, पण नंतर तीच फीत पुन्हा लावली तर नर्तकाच्या मनगटातले बारीक कंप त्यांना आपोआप दिसतात.

चर्चा कशी चालवावी

खेळाआधीचे प्रास्ताविक पाच मिनिटांपेक्षा मोठे नसावे. बुतो म्हणजे हिरोशिमाचे नृत्य, हे सोपे वाक्य प्रास्ताविकात अजिबात घालू नये. अणुबॉम्बची आणि पराभवाची सावली त्या पिढीवर होती, होसोए यांच्या लघुपटात ती उघड दिसतेही. परंतु या नृत्याच्या घडणीत ओनो यांनी ताकाया एगुची यांच्याकडे शिकलेले जर्मन अभिव्यक्तिवादी वळणाचे आधुनिक नृत्य आहे, झ्याँ जने यांचे फ्रेंच साहित्य आहे, आकिताची गरिबी आहे. एकच कारण हाती दिले की प्रेक्षक प्रत्येक पांढऱ्या देहात किरणोत्साराने भाजलेला माणूस शोधत बसतो.

आपल्या शहरात आणखी एक गोष्ट हमखास घडते. कामठीचे ड्रॅगन पॅलेस आणि दीक्षाभूमीवर येणारे जपानी भिक्खू यांच्यामुळे नागपूरकराच्या मनात जपान आणि बुद्ध हे एकत्रच उभे राहतात, आणि मुंडण केलेले संथ नर्तक पाहून कोणीतरी त्यांना ध्यानस्थ भिक्षू ठरवून टाकतो. काझुओ ओनो ख्रिस्ती होते, एवढे सांगितले की ती गाडी थांबते. दुसरा कोणी मारबतीची आठवण काढतो. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत तान्ह्या पोळ्याला निघणारी ती विद्रूप मूर्ती आणि हिजिकाता यांचा व्याधिग्रस्त देह यांच्यात खरोखरच काहीतरी जुळते, कारण दोन्हीकडे कुरूपतेला घरात न लपवता लोकांपुढे आणले जाते. मात्र मारबत शहराबाहेर नेऊन जाळली जाते आणि हिजिकाता त्या देहाला प्रेमाने जवळ ठेवतात. हा फरक कोणी स्वतःहून बोलून दाखवला तर चर्चा योग्य वाटेला लागली असे समजावे.

चर्चा चालवणाऱ्याने ‘काय समजले’ असे न विचारता ‘काय दिसले’ असे विचारावे आणि उत्तरात विशेषणे आली तर ती बाजूला ठेवून देहाचा अवयव आणि त्याची हालचाल सांगायला लावावी. ‘भयानक होते’ याऐवजी ‘जबडा उघडा राहिला आणि डोळे वर गेले’ असे उत्तर आले की पुढच्या माणसाला सहमत होण्यासाठी किंवा विरोध करण्यासाठी काहीतरी हाती लागते.

बैठकांची मालिका करायची असेल तर शेवटच्या बैठकीसाठी ताकाओ कावागुची यांचे काम राखून ठेवावे. २०१३ मध्ये त्यांनी ‘अबाउट काझुओ ओनो’ हा प्रयोग सादर केला, आणि त्यात ओनो यांच्या ‘ला अर्जेंतिना शो’, ‘माझी आई’ आणि ‘मृत समुद्र’ या प्रयोगांची जुनी चित्रणे पाहून त्यांतली प्रत्येक हालचाल आपल्या अंगावर उतरवली. फितीकडे किती बारकाईने पाहता येते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. त्याचे चित्रण मिळाल्यास दोन्ही प्रयोगांतील एकच प्रवेश लागोपाठ दाखवावा, पण आधी कावागुची आणि नंतर ओनो अशा क्रमाने. उलट क्रम ठेवला तर प्रेक्षक नक्कल कुठे चुकली ते मोजत बसतात आणि कावागुची यांनी फितीतून काय वाचले ते पाहायचे राहून जाते.